गुरुत्वीय लहरीबरोबर न्यूट्रिनो आला होता का? घरच्या लॅपटॉपवर कसं तपासायचं

१७ ऑगस्ट २०१७, गुरुवार. दहीहंडी होऊन दोन दिवस झाले होते. संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं, म्हणजे चर्चगेटहून सुटणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते ती वेळ. त्याच सुमारास १३ कोटी वर्षांचा प्रवास करून आलेली एक गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळातली बारीकशी थरथर, पृथ्वीवरून गेली. दांडीला लोंबकळणाऱ्या मंडळींना अर्थातच काही कळलं नाही. अशा लहरी टिपणाऱ्या, अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांना मात्र ती सुमारे १०० सेकंद जाणवत राहिली. लहर संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहानं गॅमा किरणांचा झोत टिपला. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठे तारे मेल्यावर उरलेले अतिघन गाभे, एकमेकांवर आदळले होते.

मग साहजिकच प्रश्न आला: त्यांच्याबरोबर न्यूट्रिनोही, म्हणजे बहुतेक पदार्थांतून आरपार जाणारे अतिहलके कणही, आले का? दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो टिपणाऱ्या यंत्रानं, भूमध्य समुद्रातल्या अँटारेसनं आणि अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे वेधशाळेनं आपापल्या नोंदी धुंडाळल्या. त्या दिशेनं आलेला एकही न्यूट्रिनो सापडला नाही.

ही तपासणी आता तुम्हीही करू शकता, कारण लागणारा बहुतेक डेटा फुकट आणि खुला आहे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. रविवारी सकाळी माझ्याकडे मुलुंडला चार-पाच मुलं येतात आणि चहा-पोह्यांच्या जोडीनं आम्ही असले उद्योग करतो. या लेखात आमची पद्धत आहे, आमच्या चुकांसकट. तुम्हाला थोडंफार पायथन यायला हवं आणि बारावीपर्यंतचं गणित आठवायला हवं. बाकी सगळं वाटेत होईल.

आधी दादरचा पूल

दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी तुम्हाला शाळेतला मित्र भेटला. तो तुम्हाला भेटायलाच आला होता की सहज समोर आला? हे ठरवायचं तर त्याच्या चेहऱ्याकडे बघून भागत नाही. पुलावरून तासाला किती माणसं जातात, त्यात तुमच्या ओळखीची किती, आणि तुम्ही तिथे किती वेळ उभे होतात, ते माहीत हवं. पाच मिनिटांत भेट झाली तर नवल. पाच तास उभं राहिल्यावर झाली तर त्यात काय विशेष?

आपलं सगळं काम हे एवढंच आहे. न्यूट्रिनो सापडणं सोपं आहे, आइसक्यूबला ते रोज सापडतात. 'तो असाच सापडला असता का' याचा हिशोब करण्यात खरी मेहनत जाते. म्हणून या लेखात न्यूट्रिनो शोधायला एक परिच्छेद आहे आणि हिशोबाला दहा.

आपण नक्की काय शोधतोय

न्यूट्रॉन तारे आदळले की कधीकधी पदार्थाचा झोत जवळपास प्रकाशाच्या वेगानं बाहेर फेकला जातो. त्या झोतात प्रोटॉन प्रचंड ऊर्जा मिळवतात, इतर कणांवर किंवा प्रकाशावर आपटतात, पायऑन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात आणि पायऑन मोडताना न्यूट्रिनो निघतात. म्हणून गुरुत्वीय लहरीबरोबर उच्च ऊर्जेचा न्यूट्रिनो मिळाला, तर झोतात प्रोटॉन होते याचा तो थेट पुरावा ठरेल. दोन कृष्णविवरं एकत्र आली तर सहसा न्यूट्रिनोंची अपेक्षा नसते, कारण आजूबाजूला जळायला काहीच नसतं. तरी शोधतात, कारण एखादी जोडी वायूच्या दाट चकतीत असू शकते.

मुलं हमखास विचारतात: न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, मग तो उशिरा नाही का पोचणार? हिशोब करून टाका. वस्तुमान ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरा आणि अंतर १३ कोटी प्रकाशवर्षं. १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा, म्हणजे सुपरनोव्हातून येतो तसला न्यूट्रिनो साधारण ०.२ सेकंद मागे पडेल. आइसक्यूब पकडतं तसल्या, म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रिनोचा उशीर सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. तेव्हा वाटेत होणारा उशीर विसरा. मागेपुढे व्हायचं ते उगमाशीच होतं.

म्हणूनच लहरीच्या क्षणाच्या ५०० सेकंद आधीपासून ५०० सेकंद नंतरपर्यंतची खिडकी वापरतात. गॅमा किरणांचे स्फोट किती वेळ चालतात, झोत ताऱ्याबाहेर पडायला किती वेळ लागतो, अशा गोष्टींचा सैलसर अंदाज घेऊन ती ठरवली आहे. १००० सेकंद म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. जलद लोकलनं दादरहून निघालात तर तेवढ्यात घाटकोपरच्या आसपास पोचाल.

पहिली पायरी: घटना निवडा, आणि हात आवरा

आइसक्यूबनं एप्रिल २००८ ते जुलै २०१८ या काळातल्या न्यूट्रिनोसदृश नोंदींची यादी खुली केली आहे. त्यात ११ लाखांहून जास्त ओळी आहेत. लायगोची पहिली दोन निरीक्षणसत्रं २०१५ ते २०१७ मधली, आणि त्यांत पक्क्या ठरलेल्या घटना ११: दहा कृष्णविवरांच्या, एक न्यूट्रॉन ताऱ्यांची. या अकराही घटना आइसक्यूबच्या खुल्या काळात येतात, त्यामुळे सरावाला याहून चांगलं साहित्य नाही.

सुरुवातीला दोनच घ्या. पहिली १४ सप्टेंबर २०१५ ची, म्हणजे इतिहासात टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर. भारतीय वेळ दुपारी ३ वाजून २० मिनिटं ४५ सेकंद, सोमवार. गणपती तीन दिवसांवर आले होते, त्यामुळे त्या क्षणी निम्मी मुंबई मखराच्या खरेदीत असावी. दुसरी अर्थात १७ ऑगस्ट २०१७ ची.

निवडलीत की वही काढा. कागदाची वही, फाइल नको. त्यात तारीख घालून लिहा: खिडकी किती, आकाशाचा नकाशा कोणता, गुण कसे देणार, किती घटना तपासणार. डेटा उघडायच्या आधी लिहायचं. का? कारण डेटा पाहिल्यावर आपण सगळेच लबाड होतो. ५१० व्या सेकंदाला छानसा न्यूट्रिनो दिसला की 'खिडकी ६०० ची ठेवली तर काय बिघडतं' असं मन म्हणतं. मीही म्हटलंय. वहीत शाईनं ५०० लिहिलेलं असेल तर तोंड बंद राहतं.

दुसरी पायरी: सामान जमवा

विंडोजवर हीलपाय नावाची, आकाशाचे नकाशे हाताळणारी लायब्ररी बसवताना वैताग येतो. लिनक्स नसेल तर सरळ गूगल कोलॅब वापरा. ब्राउझरमध्ये चालतं आणि आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर करत नाही. नमपाय, अ‍ॅस्ट्रोपाय आणि हीलपाय, एवढं पुरे.

न्यूट्रिनोंची यादी आइसक्यूबच्या संकेतस्थळावर डेटा रिलीजच्या पानावर आहे. उघडल्यावर तीन गोष्टी मिळतील: वर्षवार नोंदींच्या फाइली, यंत्र कधी चालू होतं त्याच्या वेळा आणि यंत्राच्या संवेदनशीलतेचे तक्ते. आकाशाचे नकाशे लायगो आणि इटलीतलं तसलंच यंत्र व्हर्गो यांच्या पहिल्या घटनासूचीबरोबर मिळतात. त्या फाइली फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या प्रकारच्या असतात.

सोबतचं माहितीपत्रक वाचा. कंटाळवाणं आहे, तरी वाचा. आमच्यातल्या निम्म्या चुका ते न वाचल्यानं झाल्या.

तिसरी पायरी: वेळ

इथे माझी फजिती झाली, म्हणून जरा थांबतो.

या शोधात तीन घड्याळं चालतात. गुरुत्वीय लहरींवाले जीपीएस सेकंद मोजतात, ६ जानेवारी १९८० पासूनचे. आइसक्यूबची यादी एमजेडी वापरते, म्हणजे दिवसांचा चढता आकडा. सेकंद-मिनिटं त्या आकड्याच्या दशांशात येतात. आणि आपला लॅपटॉप मुंबईच्या वेळेवर चालतो, जी जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते.

२०१७ च्या घटनेचा जीपीएस आकडा ११८७००८८८२.४ आहे. जागतिक वेळेनुसार १२ वाजून ४१ मिनिटं ४ सेकंद. एमजेडीमध्ये ५७९८२.५२८५२. पाचशे सेकंद म्हणजे ०.००५७८७ दिवस, तेव्हा आपली खिडकी ५७९८२.५२२७४ पासून ५७९८२.५३४३१ पर्यंत.

मी पहिल्यांदा अतिहुशारी करून अ‍ॅस्ट्रोपायऐवजी पायथनची साधी तारीख वापरली आणि टाइमझोन सांगायचा विसरलो. माझ्या लॅपटॉपनं १२.४१ ही मुंबईचीच वेळ समजून घेतली, आणि खिडकी निमूट साडेपाच तास मागे सरकली. गंमत म्हणजे काहीच बिघडलेलं दिसलं नाही. खिडकीत न्यूट्रिनो आले, संख्याही अपेक्षेप्रमाणे, आलेख देखणा. तीन रविवार आम्ही भलत्याच १६ मिनिटांचं विश्लेषण करत होतो. शेवटी एका मुलीनं विचारलं, "सर, खिडकीतल्या पहिल्या आणि शेवटच्या न्यूट्रिनोची वेळ नुसती छापून बघू या का?" छापली. सकाळचे सात वाजत होते.

तेव्हा वेळेचं सगळं रूपांतर अ‍ॅस्ट्रोपायवर सोपवा. जीपीएस आणि जागतिक वेळेत लीप सेकंदांचा, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदांचा फरक असतो, २०१५ च्या सप्टेंबरात १७ सेकंद आणि २०१७ मध्ये १८ सेकंद. तोही ते सांभाळतं. आणि वेळ छापून बघा, डोळ्यांनी.

चौथी पायरी: न्यूट्रिनो काढा

वचन दिल्याप्रमाणे हा एकच परिच्छेद. २०१५ ची घटना ८६ तारांच्या (संवेदक लटकवलेल्या केबलच्या) आइसक्यूबच्या पाचव्या हंगामाच्या फाइलीत आहे, २०१७ ची सातव्या. प्रत्येक ओळीत वेळ, ऊर्जेचा अंदाज, दिशेतली संभाव्य चूक, विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश) असते. वेळेची चाळणी लावा. सोबतच्या चालू-बंदच्या यादीत बघून त्या १००० सेकंदांत यंत्र चालू होतं ना, याची खात्री करा. झालं.

किती ओळी याव्यात? ११ लाखांहून थोड्या जास्त नोंदींना दहा वर्षांच्या साडेएकतीस कोटी सेकंदांनी भागा. १००० सेकंदांत साधारण साडेतीन. म्हणून तीन-चार आल्या तर सगळं सुरळीत. सात आल्या तरी घाबरू नका, चौदा खिडक्यांत एकदा तेवढ्या किंवा जास्त येतातच. पण चाळीस आल्या तर चाळणीत घोटाळा आहे.

२०१५ च्या घटनेसाठी आइसक्यूबनं स्वतः शोध घेतला तेव्हा त्यांना तीन मिळाले होते आणि अँटारेसला एकही नाही. आइसक्यूबचे ते तीन म्हणजे नेहमीचा गोंगाटच ठरला. तुमचा आकडा थोडा वेगळा येऊ शकतो, कारण त्यांची नोंदी निवडायची पद्धत वेगळी होती.

हे न्यूट्रिनो येतात कुठून? बहुतेक सगळे आपल्याच वातावरणातून. वैश्विक किरण हवेवर आपटले की म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) आणि न्यूट्रिनोंचा पाऊस पडतो. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात दीड ते अडीच किलोमीटर खोलीवर ५१६० प्रकाशसंवेदक टांगलेले आहेत, तरी तिथपर्यंत सेकंदाला हजारोंनी म्यूऑन पोचतात. उत्तर आकाशातून येणाऱ्यांना आधी पृथ्वी पार करावी लागते आणि म्यूऑनना ते जमत नाही. त्यामुळे उत्तरेकडचा डेटा निवळ असतो. दक्षिणेकडून म्यूऑनची गर्दी थेट वरून येते, म्हणून तिथे फक्त फार ऊर्जेच्या नोंदी ठेवतात. २०१७ ची घटना दक्षिण आकाशातली होती, क्रांती उणे २३ अंशांच्या जवळ. आइसक्यूबच्या दृष्टीनं ही बाजू अडचणीची. पिएर ऑजेचं नशीब मात्र चांगलं होतं. त्या क्षणी तो स्रोत त्यांच्या क्षितिजाच्या जेमतेम खाली होता, आणि जमिनीला घासून येणारे न्यूट्रिनो पकडायला हीच जागा त्यांना सगळ्यात सोयीची.

ओघात आलंच आहे तर सांगतो, वातावरणातले हे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा टिपले गेले त्यात मुंबईचा हात होता. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सव्वादोन किलोमीटरहून खोल, कुलाब्याच्या टीआयएफआरनं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं) ओसाका आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांबरोबर ते नोंदवले. आज आपण ज्यांना 'गोंगाट' म्हणून बाजूला सारतो, ते त्या वेळी बातमी होते.

पाचवी पायरी: आकाशाचा नकाशा

गुरुत्वीय लहरीची दिशा एका बिंदूत कळत नाही. मिळतो तो संभाव्यतेचा नकाशा: आकाशाचे समान क्षेत्रफळाचे लाखो तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात 'स्रोत इथे असण्याची शक्यता' इतकी. सगळ्यांची बेरीज १. ही बेरीज सर्वात आधी करून बघा. एक आली नाही तर पुढे जाऊ नका.

मग नकाशा काढा. २०१७ चा नकाशा लांबट छोट्या डागासारखा दिसायला हवा, ९० टक्के शक्यता १६ चौरस अंशांत. ज्या आकाशगंगेत तारे आदळले ती एनजीसी ४९९३ विषुवांश १९७.४५ अंश आणि क्रांती उणे २३.४ अंशांवर आहे, ती त्या डागात पडते का बघा. २०१५ चा नकाशा मोठ्या कमानीसारखा, सुमारे १८० चौरस अंश.

डागाऐवजी आकाशभर विसकटलेल्या रांगोळीसारखं काही दिसलं, तर तुकड्यांच्या क्रमांकांचा घोळ आहे. हे तुकडे दोन पद्धतींनी मोजतात: एकात वर्तुळाकार ओळींनी, दुसऱ्यात घरात घर अशा घडीनं. फाइल एका पद्धतीची आणि तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या पद्धतीचा असला की रांगोळी होते. नकाशा वाचताना क्रम कोणता हवा ते स्पष्ट सांगा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे हीलपाय कोन उत्तर ध्रुवापासून आणि रेडियनमध्ये मोजतं, तर यादीतली क्रांती विषुववृत्तापासून आणि अंशांत असते. ९० मधून क्रांती वजा करा, मग रेडियन करा. एवढं चुकलं की दक्षिणेचा स्रोत उत्तरेला जातो, आणि प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही.

सहावी पायरी: गुण द्या

आता प्रत्येक न्यूट्रिनोला विचारायचं: तू या नकाशाशी किती जुळतोस?

न्यूट्रिनोच्या दिशेभोवती घंटाकृती वक्र ठेवा. त्याची रुंदी त्याच्या दिशेतल्या संभाव्य चुकीवरून ठरते. माहितीपत्रकात ती चूक किती टक्के व्याप्तीची आहे ते बघा. ५० टक्क्यांच्या वर्तुळाची त्रिज्या दिली असेल तर १.१७७ नं भागल्यावर रुंदी मिळते, ९० टक्क्यांची असेल तर २.१४६ नं. मग नकाशाच्या प्रत्येक तुकड्याची शक्यता गुणिले तिथली वक्राची उंची, अशी सगळ्या तुकड्यांवर बेरीज करा आणि शेवटी ४ पायनं गुणा. आला तो गुण.

४ पायनं गुणल्यामुळे गुणाला अर्थ येतो. नकाशा आकाशभर सारखा पसरलेला असता तर प्रत्येक न्यूट्रिनोला बरोबर १ मिळाला असता. २०१७ च्या डागात न्यूट्रिनो पडला तर ढोबळमानानं २६०० च्या आसपास, कारण सगळं आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं आणि डाग १६ चा. २०१५ च्या कमानीत पडला तर सव्वादोनशे. २५ एप्रिल २०१९ ला न्यूट्रॉन ताऱ्यांची दुसरी टक्कर ऐकू आली, तिचा नकाशा ८,२८४ चौरस अंशांचा होता. त्यात पडला तर जेमतेम पाच. नकाशा जितका पसरट, तितकी जुळण्याची किंमत कमी. पुलावर उभं राहण्याचा वेळ वाढवण्यासारखंच हे.

खिडकीत अनेक न्यूट्रिनो असतील तर सगळ्यात मोठा गुण घ्या. जाणकार इथे ऊर्जाही जमेस धरतात, शिवाय त्या क्रांतीवर गोंगाट किती असतो त्यानं भागतात. पहिल्या खेपेला हे सोडून द्या. पुढच्या पायरीत गोंगाटाची गणती खऱ्या डेटावरून होते, म्हणून गुण भाबडा असला तरी उत्तर खोटं ठरत नाही. फक्त खरा न्यूट्रिनो ओळखायची ताकद थोडी कमी होते. हे मला पटायला बरेच दिवस लागले.

एक फाटा लक्षात ठेवा. २०१७ च्या घटनेची आकाशगंगा आपल्याला माहीत आहे. मग नकाशा कशाला, थेट त्या बिंदूशी जुळवा, असं कुणी म्हणेल. चालेल, किंबहुना ते जास्त काटेकोर. पण दोन्ही करून जे छान दिसेल ते ठेवणं चालणार नाही. वही उघडा आणि काय लिहिलंय ते बघा.

सातवी पायरी: तोच खेळ दहा हजार वेळा

समजा तुमचा सर्वोच्च गुण १२ आला. चांगला की वाईट? सांगता येत नाही. पुलावरची गर्दी मोजायला हवी.

नकाशा तसाच ठेवा. त्याच हंगामाच्या फाइलीतून, घटनेच्या दिवसापासून दूर, यंत्र चालू असताना, कुठलीही १००० सेकंदांची खिडकी उचला. त्या वेळी त्या नकाशाशी संबंधित काहीच घडलेलं नव्हतं हे आपल्याला माहीत आहे. तिच्यातल्या न्यूट्रिनोंचा सर्वोच्च गुण काढा. एकही न्यूट्रिनो नसेल तर शून्य. असं १०,००० वेळा करा. किती वेळा गुण १२ किंवा त्याहून जास्त आला ते मोजा, त्यात १ मिळवा, १०,००१ नं भागा. हा पी. योगायोगानं इतकं किंवा याहून चांगलं जुळण्याची शक्यता.

एका वर्षात १००० सेकंदांच्या स्वतंत्र खिडक्या साडेएकतीस हजारच असतात, तेव्हा या रीतीनं फार बारीक पी मोजता येत नाही. त्यासाठी दुसरी युक्ती आहे, आणि ती दक्षिण ध्रुवामुळे फुकटात मिळते. आइसक्यूब ध्रुवावर असल्यानं तिथल्या आकाशात तारे वर-खाली होत नाहीत, नुसते गोल फिरतात. यंत्राची संवेदनशीलता क्रांतीवर अवलंबून असते, विषुवांशावर जवळपास नाही. म्हणून न्यूट्रिनोंची क्रांती तशीच ठेवून विषुवांश पत्त्यांसारखे पिसायचे, की हवा तेवढा बनावट डेटा तयार. हेच यंत्र मुंबईच्या अक्षांशावर असतं तर हे इतकं सोपं झालं नसतं.

पी कितपत यावा याचा अंदाज आधी कागदावर घ्या. १००० सेकंदांत ३.६ न्यूट्रिनो धरा. १६ चौरस अंशांचा डाग म्हणजे आकाशाचा ०.०४ टक्के भाग, तेव्हा न्यूट्रिनो योगायोगानं त्यात पडण्याची शक्यता सुमारे ७०० त एक. १८० चौरस अंशांच्या कमानीत साधारण साठांत एक. ८,२८४ चौरस अंशांत जवळपास निम्म्या वेळा. म्हणजे २०१९ च्या त्या घटनेच्या नकाशात न्यूट्रिनो पडला म्हणून कुणी पेढे वाटले, तर ते नाणं टाकून छापा आल्याबद्दल वाटल्यासारखं झालं. हे अंदाज सगळीकडे सारखा गोंगाट धरून केलेत, प्रत्यक्षात क्रांतीनुसार आकडे हलतील. पण तुमचा संगणक यापेक्षा दहापट वेगळं सांगू लागला तर आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घ्या.

आणि अकराही घटना तपासणार असाल तर अजून एक गोम आहे. प्रत्येकीत ०.०५ पेक्षा कमी पी योगायोगानं यायची शक्यता ५ टक्के. अकरांपैकी निदान एकीत तो यायची शक्यता? ४३ टक्के. सगळ्यात छान पी एकटा उचलून दाखवायचा नाही, किती चाळले तेही शेजारी लिहायचं. 'किती घटना तपासणार' हे वहीत मुद्दाम लिहून घेतलं होतं, ते यासाठी.

आठवी पायरी: काही सापडलं नाही तर

बहुतेक तेच होईल. २०१७ साठी तर जगातल्या तीन मोठ्या यंत्रांना ५०० सेकंदांच्या आगेमागे काही मिळालं नाही, आणि पुढच्या १४ दिवसांतही नाही.

पण 'काही नाही' याचाही आकडा काढता येतो. सरासरी २.३ न्यूट्रिनो यायचे असते, तर एकही न येण्याची शक्यता १० टक्के. म्हणून शून्य मिळालं की ९० टक्के खात्रीनं म्हणायचं: सरासरी २.३ पेक्षा जास्त येणार नव्हते. आइसक्यूबच्या तक्त्यात त्या क्रांतीवर, त्या ऊर्जेला यंत्राचं परिणामी क्षेत्रफळ, म्हणजे न्यूट्रिनो पकडण्याच्या हिशोबात ते केवढं धरायचं, ते दिलेलं असतं. त्यावरून चौरस सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त किती न्यूट्रिनो आले असतील, त्याची मर्यादा मिळते. अंतर माहीत आहे, म्हणजे उगमाशी न्यूट्रिनोंच्या रूपात किती ऊर्जा बाहेर पडली असेल त्याचीही. झोत थेट आपल्याकडे रोखलेला असता तर काही प्रतिमानांनुसार न्यूट्रिनो दिसण्याची आशा होती. २०१७ चा झोत तिरका होता, आणि न्यूट्रिनो न दिसणं त्याच्याशी जुळतं.

निकाल लिहिताना चार ओळी पुरतात: कोणती घटना, कोणती खिडकी, किती न्यूट्रिनो, पी किती आणि किती घटनांपैकी. आमच्या गटातला एक मुलगा प्रत्येक निकालाखाली 'दुर्दैवानं' लिहायचा. तो शब्द आम्ही खोडायला लावला.

ताज्या घटनांवर यायचं असेल तर

सराव झाला की जिवंत सूचनांकडे वळा. एप्रिल २०१९ पासून लायगो-व्हर्गोच्या सूचना सगळ्यांना खुल्या आहेत. नासाच्या जीसीएन सेवेवर फुकट खातं उघडलं की सूचना थेट तुमच्या प्रोग्रॅमला येतात, आणि ग्रेसडीबी या संकेतस्थळावर प्रत्येक घटनेचं पान असतं. नाव बघून तारीख कळते: एस, मग वर्ष-महिना-दिवस, मग अक्षरं. पानावर सर्वात आधी 'खोटी घंटा' वाजण्याचा दर बघा. तो हर्ट्झमध्ये असतो, म्हणून डोक्यात शिरत नाही. ३.२ भागिले दहाचा दहावा घात म्हणजे शंभर वर्षांत एकदा, एवढं पाठ करा. मग वर्गीकरण बघा: न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरं की नुसताच पृथ्वीवरचा खडखडाट. काही सूचना तासाभरात मागेही घेतल्या जातात, तेव्हा लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

ताज्या घटनांसाठी न्यूट्रिनोंची पूर्ण यादी मिळत नाही. आइसक्यूब स्वतःच लहरीच्या प्रत्येक ठळक सूचनेनंतर १००० सेकंदांची खिडकी तपासतं आणि पी जीसीएनवरच टाकतं. तुमचं काम तो पी वाचून समजून घेण्याचं: नकाशा केवढा होता, या सत्रात अशा किती तपासण्या झाल्या. आधीच्या सात पायऱ्या केल्या असतील तर त्या चार ओळींची सूचना गोष्टीसारखी वाचता येते. त्यानंतर दुर्बिणी वळतात. पवईच्या आयआयटी बॉम्बेनं बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर लडाखमध्ये हानले इथे ०.७ मीटरची दुर्बीण उभारली आहे, तीही या धावपळीत असते. आणि हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहिलं, की हे पसरट नकाशे बरेच आक्रसतील. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

सूचनांना फोनची घंटा जोडणार असाल तर एक काम आधी करा. व्यवस्था तपासायला दर तासाला एक लुटुपुटीची सूचना सोडली जाते, जिचं नाव एमएसनं सुरू होतं. त्या गाळून टाका. मी गाळल्या नव्हत्या. पहिल्या रात्री एक, दोन आणि तीनच्या सुमाराला घंटा वाजली. चारच्या घंटेला बायकोनं फोन नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवला.